फ्लॉपीतले अण्णा

माय फोनवर म्हणाली, "तुझ्या अण्णांचं तोंड दिसतंय गं डोळ्यापुढं. फोटो हाय भिंतीला. पण आवाज येईना. लई आठवून बघितलं, येईनाच."

मी दिंडोशीला आमच्या घराच्या ग्रिलपाशी उभी राहून कपडे वाळत घालत होते. पिळलेला पंचा हातात तसाच राहिला. अण्णा म्हणजे माझे वडील, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. माय तिकडे परळीच्या पुढे, डोंगराच्या कडेच्या आमच्या गावात, माझ्या भावाकडे असते. तिचा एक कान केव्हाच गेला, दुसरा आता जायला लागलाय. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी भावाला सांगितलं, मशीन लावा, पण त्याचाही फार दिवस भरवसा धरू नका. म्हणून ती फोनवर ओरडूनच बोलते. तिला वाटतं, आपल्याला येत नाही म्हणजे समोरच्यालाही ऐकू येत नसणार.

"तुझ्याकडं होता ना त्यांचा आवाज? त्या काळ्या चकतीत भरलेला? कान हायेत तवर ऐकव की एकदा."

"ऐकवते," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की ती चकती आता लावायची कशात, याची भीती फोन ठेवल्यावर वाटली.

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला खालच्या मजल्यावरून परत वर येते. शाळा माझी सहावीत सुटली. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावाला होती, आणि ओढ्यापलीकडे मुलीला एकटीला धाडायचं नाही असं घरात ठरलं. मग लग्न झालं आणि ज्या घरात ओढा ओलांडू देत नव्हते त्यांनी मला थेट मुंबईला धाडलं. इथे आल्यावर मला हायवे ओलांडता येईना. गाड्या थांबायच्या, मी थांबायचे, पुन्हा गाड्या निघायच्या. सासूबाई रोज माझं मनगट धरून मला पलीकडे न्यायच्या. एक दिवस अर्ध्यातच त्यांनी हात सोडला आणि म्हणाल्या, "मला भीती वाटते गं. आता तू मला ने." मी नेलं. त्यांना भीतीबिती काही वाटत नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या दिवसापासून मी त्यांना आई म्हणते. गावाकडची ती माय, इथली ती आई.

तर त्या चकतीची गोष्ट.

मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा मोतीबिंदू काढायला मुंबईला आले. आयुष्यात एकदाच आले. आमच्या दारावरची बेल त्यांनी दाबली नाही. गावाकडे मोठं माणूस दारात आलं की खाकरतं. आत बायाबापड्या असतात, कुणी डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून बसलेली असते, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. अण्णांचं खाकरणं दोन टप्प्यांत असायचं. आधी एक छोटं, जरा थांबून मग एक लांबलचक, शेवटाला वर जाणारं, जणू विचारतायत, येऊ का? तसे ते आमच्या बंद दाराबाहेर उभे राहून खाकरत होते. आम्हाला आत टीव्हीच्या आवाजात काही कळलं नाही. शेजारच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "काका, पाणी देऊ का? बरं वाटत नाहीये का?" अण्णा म्हणाले, "बरा हाय की. खाकरायलो." त्या बाईंना अजूनही वाटतं की माझ्या वडलांना दमा होता.

माझा दीर तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करत होता. कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर त्याने घरी आणला होता. दिवसभर त्याच्यावर आईंनी विणलेलं क्रोशाचं झाकण असायचं. अण्णांचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी आली, आणि घरात बसून त्यांना कंटाळा यायला लागला, तेव्हा दीर म्हणाला, "अण्णा, या, तुमचा आवाज यात भरून ठेवू."

"कशाला?"

"राहील कायमचा."

"मी राहीन तवर आवाज हाय की."

पण आले. दिराने हातात तो बोटाएवढा माईक दिला आणि बजावलं, "एका दमात एक मिनिटच भरतं हां. जास्त मावत नाही." झालं. माणूस घाबरला. अण्णा स्टुलावरून उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. आणि जन्मात कधी बोलले नव्हते अशा भाषेत सुरू झाले, "सप्रेम नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. तिकडील खुशाली कळवावी." दूर कुठे काही धाडायचं तर पत्र, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून ते माईकमध्ये पत्र बोलले. आई मोरीच्या दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

दिराने ते मिनिट एका फ्लॉपीत घातलं. तळहाताएवढी काळी चौकोनी वडी, एका कडेला पत्र्याचं सरकतं झाकण, वर चिकटवलेल्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलेलं, अण्णा. "घ्या वहिनी, तुमचे वडील. आता कायमचे झाले."

कायमचे हा शब्द दिराच्या फार आवडीचा. पुढे त्याने लग्नाचे फोटो सीडीवर घातले तेव्हाही म्हणाला, कायमचे झाले. सीड्या वाजवणारं मशीन गेलं, तेव्हा सगळं पेनड्राइव्हवर आलं, तेही कायमचं. तो पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशातून धुण्यात गेला. आता त्याचं सगळं कुठेतरी हवेत असतं, पासवर्ड आठवला की दिसतं. मी त्याला हसत नाही. त्या त्या वेळी त्याला ते खरंच वाटायचं, आणि मलाही वाटायचं.

अण्णा गेल्याचा निरोप आला त्या वर्षीचा दसरा. आमच्याकडे दसऱ्याला आई पाट मांडतात. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, शेजारी पोथी, यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, नट आवळायचे पाने, माझी धागे कापायची कात्री, सगळं ठेवतात, झेंडू वाहतात. त्या वर्षी त्यांनी मला म्हटलं, "तुझी ती चकती आण. आवाज म्हणजे सरस्वतीच की." मी आणून दिली. पाटावर ठेवली. त्यांनी हळदीकुंकवाची बोटं उचलली आणि थांबल्या. उलटून पालटून बघितली. मग अंगठ्याने ते पत्र्याचं झाकण सरकवलं, आतली तपकिरी चकती दिसली, तिला हळद लावली, कुंकू लावलं, वर दोन अक्षता.

दीर म्हणाला, "अगं आई, वरून लाव ना."

"बंद दाराला कुणी हळदीकुंकू लावतं का? माणूस आत आहे."

मला तर रडू आलं, पण ते चांगलं रडू होतं. स्वतःच्या व्याह्यांची कुणी अशी पूजा करतं का? पुढे पाच-सहा दसरे तसंच चाललं. तोवर कॉम्प्युटर विकला गेला होता, फ्लॉपी लावायला घरात जागाच नव्हती, आणि ती देव्हाऱ्याच्या खणात वाती-कापराबरोबर राहायला गेली.

मायला "ऐकवते" म्हटलं त्या संध्याकाळी मी तो खण उघडला. चोळीच्या कापडात गुंडाळलेली फ्लॉपी निघाली. कापराचा वास. माझी मुलगी ऑफिसातून नुकतीच आली होती. ती अंधेरीला काम करते, दिवसभर कॉम्प्युटरपुढेच असते. तिने ती हातात घेतली, झाकण सरकवलं आणि म्हणाली, "आई, हे काय आहे आत?"

आत पिवळं-लाल दिसत होतं. एक तांदळाचा दाणा वाळून चिकटला होता.

मी तिच्या हातातून काढून घेतली. कारण आई तिथेच, सोफ्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. ऐंशी पार केलेल्या. त्यांना कळलं असतं की आपल्या बोटांनी हे झालंय, तर त्यांनी ते कसं घेतलं असतं? मायला आवाज मिळायला हवा, आणि आईंना हे कळता कामा नये. तिथून पुढे माझ्या जिवाला हे दोन घोर लागले.

बाथरूममध्ये नळ सोडून मी दिराला फोन लावला. तो आता नाशिकला असतो.

"टेन्शन नको घेऊ वहिनी. मी कॉम्प्युटर विकायच्या आधी सगळं सीडीवर घेतलेलं. अण्णा पण. लग्नाच्या फोटोंच्या सीडीत बघ."

"कुठे आहे ती?"

"घरीच सोडली मी. बघ ना, असेल."

होती. ग्रिलला लटकत होती. आमच्या सगळ्या मजल्यावर सगळ्यांच्याच ग्रिलला सीड्या बांधलेल्या आहेत. उन्हात चमकल्या की कबुतरं येत नाहीत असं म्हणतात. मुलीने स्टुलावर चढून सुतळ्या कापल्या आणि एकेक सीडी काढून आत आणली. ट्यूबलाइटसमोर धरली. चंदेरी पापुद्रा पार उडून गेला होता. एकीतून तर मला समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसली.

"आरपार आहे आई. यात काही नाही."

"अगदीच काही नाही?"

"पाण्याची टाकी आहे," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिने सीडी खाली ठेवली. तेवढ्यात एक कबुतर येऊन रिकाम्या सुतळीपाशी बसलं. इतकी वर्षं तेही रिकाम्या चकत्यांनाच घाबरत होतं.

मग ती मला घाटकोपरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने फ्लॉपी बघून शेजारच्या माणसाला बोलावलं, शेजारच्याने आपल्या पुतण्याला. तिघांनी हातात घेऊन बघितली. "काकी, याचं मशीन आता कुणाकडे नाही. जपून ठेवा मात्र," दुकानदार म्हणाला. वाईट नव्हता तो. पाणीही दिलं त्याने.

परत येताना मी विचार करत होते. आमच्याकडे वस्तू मोडली की टाकतात. ही मोडलेली नव्हती. नुसती तिला वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मी शाळा सोडली तेव्हा माझं सातवीचं पुस्तक आधीच आणून ठेवलेलं होतं, कव्हर घालून. ते किती वर्षं कोनाड्यात तसंच होतं, कोरं. त्याचीही काही चूक नव्हती.

आणि मग मला मास्तर आठवले.

मी मरोळला एका कपड्याच्या गाळ्यात काम करते. आधी धागे कापायचे, आता पॅकिंगला आहे. ती नोकरीही आईंनीच ओळखीतून लावून दिली. गाळ्याच्या कोपऱ्यात भरतकामाचं जुनं मशीन आहे, एका वेळी खूप सुया चालणारं. त्याची डिझाइनं फ्लॉपीतून भरतात. मशीन अजून धडधाकट आहे म्हणून मालकांनी बदललेलं नाही. ते चालवणारे मालवणकडचे मास्तर. वर्षानुवर्षं मी त्यांच्या शेजारून डबे घेऊन जाते, त्यांच्या टेबलावर त्या काळ्या वड्यांची चळत बघते, आणि मला एकदाही वाटलं नाही की माझ्या घरीही तसलीच एक आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे ती ठेवली.

"काय गो, तुझी पण डिझाइन आसा?"

"नाही मास्तर. माझे वडील आहेत."

त्यांनी कागदावरचं नाव वाचलं. झाकण सरकवलं. चष्मा वर केला.

"ह्यात कुंकू कोणी घातला?"

"सासूबाईंनी. दसऱ्याला."

"आमच्याकडे पण दसऱ्याक मशीनीक हार घालतत," ते म्हणाले. "पण तोंडात कुंकू कोण घालता?"

मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी फ्लॉपी मशीनला लावली नाही. अशीच लावली तर आतला कचरा घासून आवाजही जाईल आणि मशीनही, म्हणाले. आधी कवच उघडून चकती धुवायची, वाळवायची, दुसऱ्या नव्या कवचात घालायची. मशीनच्या तेलाने खराब झालेल्या एकदोन त्यांनी तशा वाचवल्या होत्या. चळतीतली एक कोरी फ्लॉपी त्यांनी मला दिली. "हिचा कवच घे. पण रडत बसू नको, येतला तर येतला. इतकी वर्सा झाली."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मागे सरकले. "अगो, आधी ऐक तरी."

रविवारी दुपारी आई भजनाला गेल्या की करायचं, असं मी आणि मुलीने ठरवलं. तिने मोबाइलवर व्हिडिओ बघून ठेवले होते. मेडिकलमधून हातमोजे, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणलं. ओट्यावर स्टीलचं ताट. तिने नेलकटरच्या टोकाने कवच उकललं आणि आतून चकती निघाली, उडदाच्या पापडापेक्षाही पातळ, लवचिक. अण्णा एवढेसे, असं माझ्या मनात आलं. मी ताट दोन्ही हातांनी धरून तिच्या कोपराला चिकटून उभी राहिले.

"आई, तू बाजूला उभी राहा ना प्लीज. तुझ्यामुळे मला टेन्शन येतंय."

"तू बोटं नको लावू त्याला."

"मी बोटं नाही लावत. कडेला धरलंय. श्वास घे."

पाण्यात साबणाचा एक थेंब. चकती आत गेली, आणि पाणी हळूहळू लाल झालं. आधी गुलाबी, मग चांगलं लाल. नेमक्या त्याच वेळी दाराची कडी वाजली. पेटीवाल्या बाई आल्या नव्हत्या म्हणून भजन लवकर आटपलं होतं. आई चपला काढून सरळ पाणी प्यायला ओट्याशी आल्या.

"ते पाणी लाल कशानं झालं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी नळाकडे बघितलं.

आई वाकल्या. ताटात बघितलं, शेजारचं उघडं कवच बघितलं, त्याच्यावरचं निळं नाव. एक बोट पाण्यात बुडवून बघितलं. मग म्हणाल्या, "हे माझं कुंकू आहे."

"नाही आई, ते कापराचं काहीतरी..."

"कापूर लाल असतो का?" त्या पाटावर बसल्या. "तुझ्या बापाचा आवाज मीच घालवला होय गं."

मग मी खरं तेच बोलले. "आई, घरातला कॉम्प्युटर गेला, सीड्या कबुतरांना गेल्या, पेनड्राइव्ह धुण्यात गेला. ही तुम्ही देवात ठेवली म्हणून राहिली. नाहीतर मीच कधीतरी भंगारात दिली असती. मला तरी काय कळत होतं?"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. क्षणभरच. मग पाटावरून उठत म्हणाल्या, "मग नीट धुवा तरी. असं नुसतं बुडवून काय होतंय? कुंकू निघेल, हळद नाही निघायची लवकर. मागची बाजू बघ गं पोरी." आणि आतल्या खोलीतून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आल्या, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. त्याच्यावर आम्ही चकती वाळत ठेवली. पंखा बंद केला. त्या दुपारी आम्ही तिघी घामाने निथळत त्या चकतीभोवती बसून होतो, आणि आई मधूनमधून तिच्यावर बसू पाहणारी माशी हाकलत होत्या.

सोमवारी मुलगी सुट्टी काढून माझ्याबरोबर मरोळला आली. मास्तरांकडे एक छोटं यंत्र होतं, लॅपटॉपला वायरीने लावायचं. आधी त्याने फ्लॉपी घेतलीच नाही. कर्र करून गप्प. पुन्हा कर्र. मास्तरांनी काढली, फुंकर घातली नाही, कापसाने आतून यंत्रच पुसलं, पुन्हा लावली. मी धाग्यांच्या रिळांकडे बघत होते. मग ते कर्र जरा लांबलं, आणि मुलगी म्हणाली, "येतंय. यार, येतंय." मध्ये एकदा अडकलं. तिने काहीतरी दाबलं. ज्या जागेचं वाचता येत नाही ती सोडून पुढे जायची सोय असते, म्हणे. शेवटी तिने कानात एक वायर घातली, थोडं ऐकलं आणि मान डोलावली.

"आहेत आजोबा. मधला भाग गेलाय, नुसती खरखर आहे. ऐक."

"नको."

"का?"

"मायबरोबर ऐकते. उगाच दोनदा वाजवून झिजायचं."

"आई, ही कॅसेट नाही. झिजत नाही आता."

"तरी."

मास्तर म्हणाले, "ऱ्हवांदे गो. तिचा बरोबर आसा."

त्याच संध्याकाळी आम्ही फोन लावला, तोंड दिसतं तसा. आमच्या गावच्या घरात रेंज येत नाही, वर माळवदावर येते. भाऊ शेतात होता. भावजयीने मायला जिन्यावरून हात धरून वर नेलं. मायने फोन कानाला लावला तो सोडेचना, त्यामुळे आम्हाला तिचं तोंड दिसलंच नाही. मोबाइलभर नुसता एक कान. लोंबलेली पाळी, त्यात सोन्याचं बारीकसं कुडकं, पांढऱ्या केसांची एक बट. त्या कानाकडे बघत आम्ही तिघी सोफ्यावर बसलो होतो. आईंनी साडी बदलली होती. का, ते मी विचारलं नाही.

मुलीने लॅपटॉपवर लावलं.

"सप्रेम नमस्कार विनंती विशेष," अण्णा म्हणाले. तेच होते. "इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत..."

"कोण बोलायलंय हे?" माय ओरडली.

"माय, अण्णा आहेत."

"चिठ्ठी कोण वाचायलंय? पोस्टमन हाय का?"

"अण्णाच आहेत गं. ऐक."

"असं कुठं बोलायचे ते? इकडील म्हणं. हे नव्हं ते."

मग खरखर सुरू झाली, कुंकवाची. लांबलचक. त्या खरखरीच्या खाली कुणीतरी बोलत होतं पण शब्द लागत नव्हता. आई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "इथे ते माझ्या आमटीचं कौतुक करत होते." मला ते खरं वाटेना, पण मी मान हलवली. माझं सगळं लक्ष त्या कानावर होतं. तो हलत नव्हता. मी मनात म्हणत होते, संपलं. इतकं करून आणलं आणि तिला ओळखूच येत नाही. माईक हातात आला म्हणून माणूस परका होऊन बोलला, आणि तेवढंच राहिलं.

खरखर थांबली. "...कळावे," अण्णा म्हणाले, "लोभ असावा." मग स्टूल सरकल्याचा आवाज. दिराचा आवाज, झालं अण्णा, बसा आता. पण मिनिट अजून संपलेलं नव्हतं. अण्णांनी माईक खाली केला असावा. आणि बोलून दमलेल्या माणसासारखे ते खाकरले. आधी एक छोटं. जरा थांबून मग एक लांबलचक, शेवटाला वर जाणारं.

मोबाइलवरचा कान दिसेनासा झाला. क्षणभर मला वाटलं, रेंज गेली. मग कळलं, समोर हिरवं लुगडं आहे. मायने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता.

मागून भावजयीचा आवाज आला, "आत्या, कान झाकू नका की. ऐकू कसं यायचं?"

"गप गं," माय म्हणाली. पहिल्यांदाच हळू बोलली. "आलेत ते."